नाव ‘दिव्यांग’ केलंत, पण पोलीस ठाण्याची पायरी तेवढीच उंच आहे

पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या तुमच्या-आमच्या घरातल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

आमच्या वस्तीत एक ताई राहते. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नाही. शिवणकाम करून घर चालवते. नवरा वारल्यावर घराच्या हिश्श्यावरून दिराशी वाद सुरू झाला आणि गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्याने तिला काठीने मारलं. डावं मनगट मोडलं. हात ओढणीने गळ्यात बांधून ती पोलीस ठाण्यात गेली. एकटीच.

तिथे तिचे हातवारे कुणाला कळेनात, त्यात एकच हात चालत होता. मग साहेब म्हणाले, “घरच्या कुणाला तरी बोलवा, काय म्हणते ते सांगायला.” घरचं म्हणून कोण आलं? दीर! ज्याने मारलं तोच दुभाषी. तो म्हणाला, “पाय घसरून पडली साहेब, डोक्याने जरा तशीच आहे.” कागदावर तेच उतरलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. तिला सही येते. सातवीपर्यंत शिकलीय. कागद-पेन पुढे केलं असतं तर मोडकंतोडकं का होईना, तिने स्वतः लिहिलं असतं. कुणी केलं नाही.

नंतर कर्णबधिर शाळेतल्या एका मॅडमना घेऊन आम्ही गेलो. दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा एफआयआर झाला. १७ दिवसांनी. आता कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच टाकणार, “१७ दिवस गप्प का होतात?” गप्प! जी बाई पहिल्याच संध्याकाळी ठाण्यात उभं राहून हात हलवत होती, तिला हा प्रश्न.

ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका हवालदाराची बदली होते आणि विषय संपतो. हे एका ठाण्याचं दुखणं नाही.

आता कुणी म्हणेल, कायदाच नसेल. आहे ना! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला कोर्ट, आयोग आणि तपास करणाऱ्या यंत्रणेपर्यंत भेदभावाशिवाय पोचता आलं पाहिजे, आणि ही जबाबदारी सरकारची. कलम ७ सांगतं की मारहाण, छळ, शोषणाची तक्रार आली तर पोलिसांनी त्या व्यक्तीला तिचे हक्क समजावून सांगायचे: संरक्षणासाठी कोणत्या दंडाधिकाऱ्याकडे जायचं, जवळची मदत करणारी संस्था कोणती, मोफत वकील कसा मिळतो. कलम ८४ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात या कायद्याखालच्या गुन्ह्यांसाठी एक सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून ठरवायचं आहे. आपल्या जिल्ह्यातलं कोणतं, हे जरा विचारून बघा. कोर्टाच्या आवारात विचारा, ठाण्यात विचारा. काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.

दुभाष्याचं काय? २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, कायदा बदलला. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर फिर्याद तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायची, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत हवा आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही हे कायम आहे. चांगलंच आहे. पण नीट वाचा: लैंगिक गुन्ह्यासाठी. हात मोडला, घर बळकावलं, पैसे लुबाडले, तर फिर्याद घेताना दुभाषी असलाच पाहिजे असं हे कलम म्हणत नाही. म्हणजे बहिऱ्या बाईचं म्हणणं नीट ऐकण्यासाठी आधी तिच्यावर बलात्कार व्हावा लागतो का? शब्द कडक वाटतील, पण व्यवहारात अर्थ तोच होतो.

गंमत बघा, कोर्टात साक्षीच्या वेळी मात्र सगळ्याच गुन्ह्यांत सोय आहे. बोलता न येणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो, दुभाषी घ्यायचा, चित्रीकरण करायचं. पण खटल्याचा पाया ठाण्यात रचला जातो. तिथे दिराचा जबाब तिच्या नावावर चढला, तर दोन-चार वर्षांनी कोर्टात दुभाषी देऊन काय उपयोग? घर जळून गेल्यावर बंब आल्यासारखं आहे हे.

“अशा लोकांची साक्ष टिकत नाही हो,” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पोलिसांकडून, वकिलांकडून, नातेवाइकांकडूनही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०२१ चा पाटन जमाल वली खटल्याचा निकाल वाचावा. आंध्र प्रदेशातली जन्मांध, अनुसूचित जातीची मुलगी. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखलं. न्यायालयाने ते मानलं आणि बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. वर हेही स्पष्ट केलं की दिव्यांग आहे एवढ्याच कारणाने कुणाची साक्ष दुय्यम ठरत नाही. पोलीस, वकील, न्यायाधीशांना प्रशिक्षण द्या, स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या आकडेवारीत पीडितेच्या अपंगत्वाची नोंद ठेवा, असंही सांगितलं. म्हणजे साक्ष टिकते. टिकत नाही ती आपली ऐकायची तयारी.

आणि ही गोष्ट फक्त फिर्यादीपुरती नाही. आरोपीही दिव्यांग असतो, आणि तोही माणूस असतो. इथे काही जण नाराज होतील, होऊ द्या. फादर स्टॅन स्वामी, वय ८० च्या पुढे, पार्किन्सन्सने हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. तळोजा तुरुंगात असताना पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला ते कच्चे कैदी म्हणूनच गेले, खटला उभाही राहिला नव्हता. प्रा. साईबाबा, ९० टक्के अपंगत्व, व्हीलचेअरवर, नागपूरच्या तुरुंगात वर्षानुवर्षं. ५ मार्च २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. सात महिन्यांत ते वारले. त्यांचे विचार तुम्हाला पटोत न पटोत, तो वेगळा विषय. पाणी पिता येणं, संडासला जाता येणं हे विचारांवर ठरत नसतं. जी नावं देशभर गाजली त्यांची ही गत, तर तुरुंगातल्या अनोळखी, गरीब, मतिमंद पोराची काय असेल? त्याला तर आपल्यावर आरोप काय आहे हेही कळलेलं नसतं.

साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर: “माणसं कुठून आणायची? बजेट कुठे आहे?”

बजेट? महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांवर दिव्यांग व्यक्ती नोंदल्या आहेत. ३ डिसेंबरला दरवर्षी हार-तुरे होतात, भाषणं होतात, तीनचाकी वाटताना फोटो निघतात. ठाण्याच्या भिंतीवर दुभाष्याचा फोन नंबर लिहायला किती बजेट लागतं हो? एक डबा रंग लागतो.

आणि माणसं आहेत. कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, तिथे शिक्षक आहेत. मतिमंद मुलांच्या शाळेत विशेष शिक्षक आहेत. प्रत्यक्ष येणं जमलं नाही तर व्हिडिओ कॉल आहे. आरोपीला कोर्टासमोर व्हिडिओवर हजर करता येतं, मग दुभाष्याला का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे:

१) प्रत्येक पोलीस ठाण्यात सांकेतिक भाषेचे दुभाषी आणि विशेष शिक्षक यांची नावं, नंबर दर्शनी भागात लावा. त्यांचं मानधन सरकारने द्यावं, फिर्यादीने नाही.
२) गुन्हा कोणताही असो, फिर्याद दुभाष्यामार्फत आणि चित्रीकरणासह घ्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो किंवा त्याच्या बाजूचा माणूस दुभाषी चालणार नाही.
३) एफआयआर आणि अटकेच्या कागदावर अपंगत्वाची नोंद करा. नोंद नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे प्रश्नच नाही, असं यांचं गणित आहे.
४) फिर्याद आणि साक्ष तळमजल्यावर घ्या. रॅम्प होईल तेव्हा होईल.

आपण काय करायचं? माहितीच्या अधिकारात आपल्या ठाण्याला तीन प्रश्न विचारा: दुभाष्यांची यादी आहे का, गेल्या तीन वर्षांत किती वेळा दुभाषी बोलावला, दिव्यांगांसाठीचं विशेष न्यायालय कोणतं. अर्जाला १० रुपये लागतात. आणि हे लक्षात ठेवा, दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आमच्या ताईचा खटला अजून सुरू व्हायचाय. परवा तिने मला वहीत लिहून विचारलं, “कोर्टात माझं कोण बोलणार?”

मी लिहिलं, “तूच.”

तेवढं खरं करायचंय, मंडळी. मी माझा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. तुम्ही कोणत्या ठाण्यात टाकताय ते कमेंटमध्ये लिहा.