लिनक्समधला एक बदल मंजूर व्हायला २० वर्षं का लागली?

तुम्ही स्क्रीनला बोट लावता, तेव्हा फोनचा प्रोसेसर हातातलं काम थांबवून तुमच्याकडे वळतो. या हाकेला 'इंटरप्ट' म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये ती सांभाळतो लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

सप्टेंबर २०२४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या कर्नलमध्ये 'प्रीएम्प्ट-आरटी' हा पर्याय सामावून घेतला. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत तो मिळाला. त्यावरचं काम मात्र साधारण २००४ पासून सुरू होतं.

बदल नेमका काय?

एरवी इंटरप्ट आला की प्रोसेसर आधी त्याचं काम करतो. तो रेंगाळला तर जास्त महत्त्वाचं कामही खोळंबतं. नव्या पर्यायात इंटरप्टचं बहुतेक काम वेगळ्या 'थ्रेड'कडे जातं आणि कोणाचा नंबर आधी, हे प्राधान्यावर ठरतं. कारखान्यातला रोबोट ठरलेल्या क्षणी थांबलाच पाहिजे. नेटवर्क कार्ड क्षणभर वाट पाहू शकतं.

मग अडलं कुठे?

या कोडला हात लावला की असंख्य ड्रायव्हरवर परिणाम होतो. शिवाय याची किंमत आहे: थ्रेडची अदलाबदल करण्यात वेळ जातो, त्यामुळे वेळेची खात्री मिळते, पण एकूण काम थोडं कमी होऊ शकतं. म्हणून सगळा बदल एकगठ्ठा न घेता तुकड्यातुकड्याने तपासला गेला. थ्रेडमध्ये चालणारे इंटरप्ट २००९ मध्येच २.६.३० आवृत्तीत आले. शेवटची मोठी अडचण होती 'प्रिंट-के', म्हणजे कर्नलचे संदेश छापणारा कोड. त्याने इतरांना अडवायचं नाही, पण सिस्टिम कोसळताना शेवटचा संदेश मात्र बाहेर पडलाच पाहिजे, अशी दुहेरी अट होती.

तुम्हाला काय फरक पडणार?

फोन यामुळे वेगवान होणार नाही. हा पर्याय मुद्दाम सुरू करावा लागतो. पण मधल्या तुकड्यांचा फायदा सगळ्यांना झाला: टचस्क्रीनचे अनेक ड्रायव्हर आज थ्रेडमधलेच इंटरप्ट वापरतात.

प्रश्न उरतो तो या संयमाचा खर्च कोण करणार, हा. हे काम वर्षानुवर्षं थॉमस ग्लाइक्सनर आणि मोजक्या सहकाऱ्यांच्या खांद्यावर होतं. त्याला नियमित निधी मिळावा म्हणून लिनक्स फाउंडेशनने २०१५ मध्ये स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. कोड फुकट मिळतो. तो काळजीपूर्वक तपासणाऱ्यांचा वेळ फुकट नसतो.