पेपरही आपला, तपासणीही आपलीच

टेक्सासमधल्या मराठी घरांत विशेष मुलांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे बरं, सरकार सांभाळतं."

जरा २००९ साल आठवा. कॉर्पस ख्रिस्तीच्या सरकारी निवासी केंद्रात रात्रपाळीचे कर्मचारी बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना आपसात मारामारी करायला लावत आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करत. हे उघड झालं ते कुठल्या तपासणीत नव्हे, तर एक हरवलेला मोबाइल पोलिसांच्या हाती लागला म्हणून!

मग कॅमेरे आले, फेडरल सरकारशी करार झाला, लोकपालही आला. पण लोकपाल शिफारस करतो, शिक्षा नाही. आणि आज ही १३ केंद्रं चालवणारं आरोग्य व मानवसेवा खातंच त्यांना प्रमाणपत्रही देतं.

केंद्रं उद्याच बंद करा, असं मी म्हणत नाही. घराजवळ मदत मिळण्याच्या यादीत लोक दहा-दहा वर्षं ताटकळतात. बाहेर काढलेल्यांनी जायचं कुठे? पण ज्याला बोलता येत नाही, त्याची तक्रार कोण करणार? म्हणून तपासणी या खात्याच्या हाताखाली नसलेल्या यंत्रणेकडेच हवी.

टेक्सासचं विधिमंडळ नियमित भरतं ते विषम सालीच, जेमतेम १४० दिवस. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण पन्नास फोन करतो. एक आपल्या आमदाराला करा. "आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न आपल्याही घरांत आहे, फक्त तो मंडळात कुणी विचारत नाही.