जुनोला कोणीच अडवलं नाही

मैत्रिणींनो, किशोरवयीन मुलींच्या गटाला दाखवायला चित्रपट निवडायला बसलं की कोणीतरी ‘जुनो’चं नाव काढतंच. दाखवावा का, असं मला विचाराल तर माझं उत्तर ‘जरूर दाखवा’ असं आहे. मात्र नंतर तासभर चर्चा होणार नसेल तर दाखवू नका. असं दुटप्पी वाटणारं उत्तर का देते आहे, ते सांगते.

‘जुनो’ हा २००७ सालचा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक जेसन राइटमन. पटकथा डायब्लो कोडी या लेखिकेची, आणि तीही पहिलीच. थोड्या पैशांत काढलेला हा हलकाफुलका, प्रेमाचा, विनोदी चित्रपट जगभर चालला. २००८ साली त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. मिनेसोटा राज्यातली सोळा वर्षांची जुनो (ही भूमिका इलियट पेज यांनी केली आहे) शाळेतल्या मित्रापासून, पॉलीपासून गरोदर राहते. गर्भपातासाठी दवाखान्यात जाते, तिथून तशीच परत फिरते आणि मूल एका सुखवस्तू जोडप्याला दत्तक द्यायचं ठरवते.

यात आवडण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. जुनोला कोणी फसवलेलं नाही. शरीरसंबंधात पुढाकार तिचा आहे, आणि त्याबद्दल चित्रपट तिला शिक्षा देत नाही. ती मरत नाही, तिला घराबाहेर काढलं जात नाही, तिचं घाईघाईने लग्न लावून दिलं जात नाही. सोनोग्राफी करणारी बाई कुमारी मातांबद्दल तुच्छतेने बोलते तेव्हा जुनोची सावत्र आई तिला फैलावर घेते. पडद्यावरच्या सावत्र आयांच्या वाट्याला असा प्रसंग किती वेळा आला आहे? दत्तक घेणाऱ्या जोडप्यातला नवरा या शाळकरी मुलीशी नको तितकी जवळीक करू लागतो. ‘मोठ्या माणसाशी मैत्री’ या गोंडस नावाखाली काय चाललं आहे ते चित्रपट स्वच्छ दाखवतो. आणि शेवटी तो नवरा संसार सोडून गेल्यावर जुनो आपलं मूल त्या एकट्या बाईच्या हाती देते. कुटुंब म्हणजे नवरा-बायकोच हवेत, हा हट्ट इथे मोडतो.

मग खटकतं कुठे? दवाखान्यात. जुनो तिथे पोहोचते तेव्हा दाराशी तिचीच एक वर्गमैत्रीण गर्भपातविरोधी फलक घेऊन उभी आहे. गर्भाला नखं असतात, असं ती सांगते. आत टेबलाशी बसलेली मुलगी कंटाळलेली आणि असंवेदनशील. ती जुनोपुढे निरोध धरते. बसलेल्या बायका नखांनी टकटक करताहेत, खाजवताहेत, आणि जुनो पळ काढते. दाराशी उभी असलेली मुलगी भाबडी पण गोड, आतली मात्र किळसवाणी. दहशत, मोर्चे, बाँबहल्ले, डॉक्टरांचे खून हे सगळं सोसून ज्या बायकांनी अमेरिकेत असे दवाखाने चालू ठेवले, त्यांच्या वाट्याला एवढाच एक विनोद आला.

यापेक्षाही मोठी गोष्ट चित्रपटात नाहीच, म्हणून ती नजरेतून सुटते. जुनो आत जाते तेव्हा कोणी विचारत नाही, “आईवडिलांना कळवलं का?” मिनेसोटात तेव्हा कायदा असा होता की, अठरा वर्षांखालच्या मुलीचा गर्भपात करण्याआधी अठ्ठेचाळीस तास तिच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, कळवलं पाहिजे. ते नको असेल तर मुलीने न्यायाधीशापुढे उभं राहून परवानगी मिळवायची. १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉजसन विरुद्ध मिनेसोटा’ खटल्यात ही न्यायाधीशाची वाट ठेवून बाकी अट कायम केली. आता जुनोची खरी आई आठवा. ती दूर ॲरिझोनात नवा संसार थाटून आहे, वर्षातून एकदा मुलीला निवडुंगाचं रोप पाठवते, एवढाच संबंध. त्या बाईलाही नोटीस गेली असती! आता यातून विनोद काढून दाखवा.

चित्रपट म्हणतो, जुनोने निवड केली. माझा आक्षेप तिच्या निवडीला नाही. मूल जन्माला घालणं हाही तिचा हक्कच आहे. पण दार सताड उघडं असताना आत न जाणं वेगळं, आणि दाराला कायद्याची, पैशांची, अंतराची कुलपं असताना परत फिरणं वेगळं. चित्रपटाने ती कुलपं पुसून टाकली, आणि उरलं ते एका हुशार मुलीच्या मनात काय आलं, एवढंच. हक्काची गोष्ट आवडीनिवडीची होऊन बसली.

दत्तक देण्याचंही तसंच. बाळाला न बघता जुनो ते देऊन टाकते, दवाखान्यातल्या खाटेवर थोडं रडते, आणि उन्हाळ्यात पॉलीबरोबर गिटार वाजवत गाते. याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, ॲन फेसलर यांचं ‘द गर्ल्स हू वेन्ट अवे’ हे पुस्तक आलं होतं. १९७३ पूर्वी ज्या अविवाहित मुलींना मूल देऊन टाकायला भाग पाडलं गेलं, त्यांनी म्हातारपणी सांगितलेली दुःखं त्यात आहेत. ती वाचल्यावर गिटारचा शेवट गळी उतरत नाही.

या चित्रपटाने मुली बिघडतील, अशी ओरड संस्कृतिरक्षकांनी केली. ती आपली टीका नव्हे. अमेरिकेत किशोरवयीन मातांचं प्रमाण त्यानंतरच्या वर्षांत घटतच गेलं. आपला मुद्दा हा की, गर्भपाताच्या विरोधकांना हा चित्रपट आपला वाटला. खुद्द कोडी यांनीही नंतर सांगितलं आहे की, आपल्या जुन्या कॅथलिक शाळेकडून आभाराचं पत्र आलं. पुढचा काळ ठाऊक असता तर हे असं लिहिलं असतं की नाही कोण जाणे. तो काळ आला. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द केला आणि डझनाहून अधिक राज्यांत गर्भपात जवळजवळ बंद झाला. मिनेसोटाच्या न्यायालयाने त्याच जुलैत ती दोन पालकांची अट काढून टाकली. पण शेजारच्या साउथ डकोटातल्या मुलीला आज राज्याची सीमा ओलांडावी लागते.

आणि आपल्याकडे? १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी मुलगी आली की पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं, मग संबंध तिच्या मर्जीने का असेना. आपला पॉली सरळ आरोपी होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही. किती दवाखान्यांत हे ठाऊक आहे? पोलिसांच्या धास्तीने मुली उशिरा येतात, किंवा येतच नाहीत. हे आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलं आहे.

म्हणून ‘जुनो’ दाखवा. मुलींना हसू द्या. लाज न वाटता या विषयावर हसता येणं ही लहान गोष्ट नाही. मग दिवे लावा आणि विचारा : या मुलीला कोणीच कसं अडवलं नाही? आपल्या वस्तीतली मुलगी असती तर कोणी कोणी अडवलं असतं? ती यादी फळ्यावर लिहा. पुढच्या बैठकीचं काम त्या यादीतूनच सुरू होईल.