दुर्बिणीला हवेत तीन पाय

थंडीचे महिने जवळ आले की घरोघरी दुर्बिणीची चौकशी सुरू होते. भिगवणला रोहित पक्षी येणार, नांदूर मध्यमेश्वरला बदकं उतरणार, मुलांच्या शाळेत ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह येऊन ठेपलेला! मग बाबा बाजारात जातात. दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, दहापटीची कशाला नेता? ही वीसपटीची घ्या. हंटिंगची आहे!’’ साहेब खूश. रविवारी पाणवठ्यावर मात्र वेगळाच प्रकार घडतो. पक्षी मोठा दिसतो खरा, पण नुसता नाचतो. आजोबांच्या हाताला थोडा कंप असला, तर त्यांना धड काहीच दिसत नाही. दोन मिनिटांत ते दुर्बीण सुनेच्या हातात देतात. म्हणतात, ‘‘तुम्हीच बघा, माझं वय झालं आता.’’

वयाचा इथं फारसा संबंध नाही. दुर्बीण पक्ष्याला जितका मोठा करते, तितकाच हाताचा कंपही मोठा करते. दुर्बिणीवर १० × ४२ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ-दहा पटींपर्यंतची दुर्बीण बहुतेकांना हातात पेलते. बारा, पंधरा, वीस असा आकडा चढत गेला की धडधाकट माणसाचाही हात अपुरा पडतो. अशा वेळी आणखी महागडी दुर्बीण घेण्याआधी असलेल्या दुर्बिणीला ट्रायपॉडवर बसवून पाहा. त्यासाठी लागतो एक लहानसा जोड, ज्याला बाजारात ‘ट्रायपॉड अ‍ॅडाप्टर’ म्हणतात.

‘हंटिंग’ या शिक्क्याचं फार मनावर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा छंद राहिला नाही, तो गुन्हा झाला. पण अमेरिकेच्या पश्चिम भागातले शिकारी तासन्‌तास एका जागी बसून समोरचा डोंगर धुंडाळतात, आणि त्या वेळी त्यांची दुर्बीण ट्रायपॉडवर चढवलेली असते. त्यांची बंदूक त्यांनाच लखलाभ, ही युक्ती तेवढी आपण उचलावी!

आता आपली दुर्बीण हातात घ्या आणि पुढून पाहा. दोन नळ्यांना जोडणारी बिजागरी असते, तिच्या पुढच्या टोकाला एक गोल टोपण दिसेल. बऱ्याचदा त्यावर कंपनीचं चिन्ह असतं. ते बोटांनी डावीकडे फिरवून निघालं आणि आत आटे दिसले, तर काम सोपं. कॅमेऱ्याला ट्रायपॉडवर बसवायला जो पाव इंची स्क्रू असतो, तोच बहुतेक दुर्बिणींना चालतो. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा अ‍ॅडाप्टर इथं बसतो आणि त्याचा खालचा भाग ट्रायपॉडच्या प्लेटवर. टोपण निघत नसेल तर पक्कड घेऊन त्याच्यामागे लागू नका. काही दुर्बिणींना, विशेषतः लहान आणि जुन्या, ही सोयच नसते. त्यांच्यासाठी वेगळा प्रकार मिळतो: छोटी फळी, तिच्यावर दुर्बीण आडवी ठेवायची आणि पट्ट्यानं आवळायची. दिसायला गावठी, पण काम चोख.

खरी गोची पुढेच आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. हल्लीच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत दोन नळ्यांमधली फट अगदी अरुंद असते. अ‍ॅडाप्टरचा उभा दांडा जाड असला तर स्क्रू बसतो, पण दुर्बीण पुरेशी मिटत नाही, नळ्या दांड्याला अडतात. ज्यांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर जास्त, त्यांना फरक पडत नाही. मात्र मुलांचं आणि पुष्कळ बायकांचं हे अंतर कमी असतं. त्यांना दोन गोल वेगवेगळे दिसतात, मधे काळी सावली येते. वस्तू बाबांच्या डोळ्यांवर पारखून घेतलेली आणि आईला, मुलीला निरुपयोगी, असं होऊन बसतं. म्हणून दुर्बीण दुकानात सोबत न्या, आणि घरात ज्याचे डोळे सर्वांत जवळ आहेत त्यालाही न्या. अ‍ॅडाप्टर लावून, दुर्बीण मिटवून, त्याला बघायला सांगा. मगच पैसे मोजा.

प्लॅस्टिकचा घ्यावा की धातूचा? हलक्या दुर्बिणीला प्लॅस्टिकचा भागतो, पण माझं मत धातूच्या बाजूनं आहे. प्लॅस्टिक वाकतं आणि वारा सुटला की चित्र लवलवतं. पारख सोपी आहे. दुर्बीण चढवून रस्त्यापलीकडची एखादी पाटी वाचा आणि ट्रायपॉडच्या पायावर टिचकी मारा. अक्षरं चटकन स्थिर झाली तर ठीक, थरथरतच राहिली तर माल परत करा. अर्थात काडीसारख्या पायांचा ट्रायपॉड असेल तर दोष अ‍ॅडाप्टरला देऊन उपयोग नाही. स्क्रूही हलक्या हातानं फिरवा. आटे तिरके बसले आणि जोर लावला, तर नुकसान दुर्बिणीच्या बिजागरीचं होतं.

पाणवठ्यावर उभं राहण्यापेक्षा घडीची खुर्ची टाकून बसा. ट्रायपॉड ठेंगणा राहतो, मधला दांडा उंच करावा लागत नाही आणि चित्र जास्त स्थिर मिळतं. चिखलात दूरवर टिपं वेचणारा तुतवार की चिखल्या, हा वाद अशा वेळी शांतपणे सोडवता येतो. आजोबांना दुर्बिणीचं वजन पेलायचं नसतं, डोळे तेवढे टेकवायचे. शिवाय कुटुंबासाठी मोठाच फायदा! एकानं पक्षी धरून ठेवला की बाकीच्यांनी पाळीपाळीनं तोच पाहायचा. ‘‘कुठंय? कुठंय?’’ हा आरडाओरडा बंद, आणि पक्ष्याच्या जवळ जाऊन त्याला उठवण्याची गरजही उरत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र ट्रायपॉड कुचकामी. तिथं साधी आठपटीची दुर्बीण गळ्यात असलेली बरी.

लहान मुलं आसपास असतील तर ट्रायपॉडवरची दुर्बीण एकटी सोडून जेवायला जाऊ नका. कुणीतरी ती सूर्याकडे वळवून डोळा लावेल, आणि त्या एका नजरेनं डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आणि हो, ते काढलेलं टोपण शर्टाच्या खिशात टाकू नका. दुर्बिणीच्या पिशवीतच एका छोट्या डबीत ठेवा, नाहीतर सोमवारी ते कपड्यांबरोबर धुतलं जाईल.