दादीची मुलाखत दोन क्रेडिटची

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकते. गेल्या वर्षी तिने व्हिडिओ कॉल लावला आणि लोणावळ्यात बसलेल्या दादीला तासभर प्रश्न विचारले. गाव कोणतं, इथे कधी आलात, घरात कोणती जबान होती? एथ्निक स्टडीज या विषयाचा तो गृहपाठ होता. दादी आधी हसली, "ये भी कोई पढ़ाई है क्या?" मग बोलत सुटली.

तिचे सासरे रेल्वेत गँगमन होते. पावसाळ्यात बोर घाटात दरड आली की काय हे बघायला ते रात्री कंदील घेऊन रूळ चालायचे. मी त्याच घरात वाढलोय आणि हे मला त्या कॉलवर पहिल्यांदा कळलं.

त्याच सत्रात आमच्या कॉलेजात फिल्ड प्रोजेक्ट होता. विषय आपणच निवडायचा होता. मी निवडला 'लोणावळ्यातील चिक्की व्यवसाय'. त्यावर मावळात आतापर्यंत किती प्रोजेक्ट झाले असतील, देव जाणे! मला कोणी अडवलं नव्हतं. आपलं घर, आपला मोहल्ला हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हेच डोक्यात आलं नाही. मला खुपतं ते हे.

तिकडेही हा विषय कोणी ताटात वाढून दिला नाही. 1968 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या, आशियाई, लॅटिनो विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो 1969 च्या मार्चपर्यंत चालला, लाठ्या पडल्या, अटका झाल्या, तेव्हा कुठे एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. 2020 च्या कायद्याने तो कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीसाठी सक्तीचा झाला.

आपल्याकडे सामग्री कमी आहे का? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक केलं. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पण हे सगळं आपल्यापर्यंत पोचतं ते जयंतीच्या पोस्टरवरून. फातिमा शेख यांचंच बघा. सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पत्र वाचलंय? उद्या कोणी "पुरावा काय?" म्हणालं, तर आपण रागावतो. रागावण्याऐवजी कागद दाखवता आला पाहिजे.

लोहगडावरच्या दर्ग्यावरून दरवर्षी वाद तापतो, तेव्हाही हेच होतं. दोन्हीकडून घोषणा, आणि आपल्या पोरांच्या हातात मोबाईलवरचा मजकूर. गॅझेटियर कोणी उघडलेलं नसतं, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांशी कोणी बोललेलं नसतं. त्या शोधात आपल्या सोयीचं नसलेलं काही सापडलं, तर तेही लिहावं लागेल. नाहीतर तो अभ्यास कसला?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट मिळतात. वेगळा विभाग, वेगळी पदवी यांची मागणी जरूर करू, पण तोवर हे दार उघडं आहे. कबरस्तानातले शिलालेख, मशिदीच्या जुन्या हिशेबवह्या, पिंजारी-अत्तार-बागवान घरांचे धंदे, घरातली दखनी आणि बाहेरची मराठी, यांतलं काहीही चालेल.

मी यंदा 'घाटातले रेल्वे कामगार आणि त्यांची कुटुंबं' हा विषय दिलाय. सरांनी विचारलं, संदर्भग्रंथ कोणते? मी दादीचं नाव लिहिलं. त्यांनी ते खोडलं नाही, पण आणखी पाच मुलाखती आणि रेल्वेची कागदपत्रं आणायला सांगितलीत. दादीच्या ओळखीची तीन घरं सापडलीत, दोन शोधतोय.