विश्लेषण : आकाशातले गूढ उजेड, १९५६ चा माहितीपट आणि खान्देशसाठी धडा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. रात्री आठच्या सुमारास जळगावपासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. व्हिडिओ लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले. उल्का, कोसळणारे विमान, क्षेपणास्त्र, उडती तबकडी असे सगळे तर्क झाले. असे काही दिसल्यावर सरकारने काय सांगायचे आणि कधी, हा वाद मात्र सत्तर वर्षांहून जुना आहे.

त्या रात्री काय होते?

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे सापडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही सिंदेवाहीत येऊन अवशेषांची पाहणी केली.

जुन्या माहितीपटात काय दाखवले?

१९५६ मध्ये अमेरिकेत ‘अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स’ हा माहितीपट आला. अमेरिकी हवाई दलाच्या वतीने माध्यमांना माहिती देणारे अल्बर्ट चॉप यांच्या अनुभवावर तो बेतला होता. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या रडारवर दिसलेल्या अनोळखी ठिपक्यांचा प्रसंग त्यात आहे. मोंटाना (१९५०) आणि युटा (१९५२) येथे सामान्य कॅमेऱ्यांतून टिपलेल्या दोन खऱ्या फिती हे त्याचे मोठे आकर्षण. पण चॉप यांची भूमिका टॉम टॉवर्स या पत्रकाराने केली होती आणि बरेचसे प्रसंग नव्याने उभे केलेले होते. खरे चित्रण कोणते आणि उभे केलेले कोणते, हे प्रेक्षकाला पारखूनच घ्यावे लागते.

सरकारी चौकशीतून काय निघाले?

अमेरिकी हवाई दलाने ‘साइन’, ‘ग्रज’ आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’ असे प्रकल्प चालवले. १९५३ मध्ये शास्त्रज्ञांच्या रॉबर्टसन समितीने युटाच्या फितीतील ठिपके पक्ष्यांचे असावेत, असे मत दिले. समितीचा अहवाल मात्र गुप्त राहिला आणि संशय वाढला. १९६९ मध्ये ‘ब्लू बुक’ बंद झाला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींची उकल झालेली नव्हती. उकल झाली नाही म्हणजे परग्रहवासी आले, असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा पुरेशी माहितीच हाती नसते.

फरक कसा ओळखायचा?

उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा तुलनेने सावकाश जातो, फुटत जातो आणि मिनिटभरही दिसू शकतो. तो बऱ्याच उंचीवर जळत असल्याने एकाच वेळी अनेक जिल्ह्यांतून दिसतो. एका रांगेत शांतपणे सरकणारे ठिपके दिसले, तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात. व्हिडिओ काढताना वेळ, गाव आणि दिशा बोलून नोंदवावी. झाड किंवा घर चौकटीत घ्यावे, म्हणजे उंची आणि वेग मोजता येतो.

आता काय हवे?

शेतात असा तुकडा पडला, तर तो हाताळणे धोक्याचे ठरू शकते. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. म्हणून जळगाव आणि धुळे जिल्हा प्रशासनाने अशा रात्री तासाभरात मराठीत साधा संदेश द्यावा : काय दिसले, काय अजून कळलेले नाही, सापडलेल्या वस्तूला हात लावू नका, कुणाला कळवायचे. तपासणी पूर्ण झाली की निष्कर्षही लोकांसमोर ठेवावा. अमेरिकेत उत्तर फायलीत अडकले आणि अफवेला पाय फुटले. आज तर अफवा फॉरवर्डवर स्वार असते. प्रशासनाने गप्प राहून तिला वाट मोकळी करून देऊ नये.