उंची गावाची, जोखीम कोणाची?

परदेशी शेतांवर धान्याच्या उंच कोठ्यांवर बिनतारी अँटेना बसवतात. खानदेशात ती उंची गावच्या जलकुंभाला लाभली आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तेथून चोपडा-शिरपूरच्या डोंगरपाड्यांपर्यंत बिनतारी मार्गच सोयीचा. परंतु वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. वादळात आडव्या झालेल्या रावेर-यावलच्या केळीबागा त्याची साक्ष देतील. टाकीच्या छताला भोके पाडून खांब रोवल्यास पाणी झिरपून सळया गंजतात. खांब बाहेरून पट्ट्यांनी आवळावा, तडितवाहकाची तार जमिनीत उतरवावी आणि चढणाऱ्या मजुराला सुरक्षापट्टा मिळावा. या अटी करारात लिहिल्याखेरीज साथींनी ग्रामसभेत जागेचा ठराव होऊ देऊ नये.